पडद्यावरची अडीचकी

एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला होता. नववीतल्या दोन मुलींनी प्रकाशाचा व्यस्त वर्गाचा नियम तपासून पाहिला होता. अंधाऱ्या खोलीत एक लहान दिवा, समोर पांढरा कागद आणि कागदाचे छायाचित्र घेणारा साधा डिजिटल कॅमेरा. कॅमेऱ्याची सगळी मापे त्यांनी कायम ठेवली होती. छायाचित्र संगणकावर उघडून कागदाच्या मधोमधच्या ठिपक्याचा आकडा त्यांनी टिपला होता. दिवा अर्ध्या मीटरवर असताना २००, एक मीटरवर १०६ आणि दोन मीटरवर ५७.

अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई व्हायला हवा. म्हणजे आकडे २००, ५० आणि साडेबारा असे यायला हवेत. येथे तर दर वेळी जेमतेम निम्मे होत होते. माझे सहपरीक्षक म्हणाले, "प्रयोग चुकलाय तुमचा." त्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही तीनदा केला. दर वेळी असंच येतं."

खोलीत बाहेरचा उजेड येत असेल, असे प्रथम मलाही वाटले. पण आकड्यांची गुणोत्तरे पाहिल्यावर उलगडा झाला. मुलींचे मोजमाप बरोबर होते आणि नियमही बरोबर होता. मधल्या कॅमेऱ्याने प्रकाश मोजला होता, पण लिहून ठेवताना प्रकाश न लिहिता त्याचा एक घात लिहिला होता. या घातालाच 'गॅमा' म्हणतात. तो कोठून आला आणि संगणकाला तो झटपट काढता यावा म्हणून काय काय करावे लागले, याची कथा मोठी बोधप्रद आहे. शिवाय ती आपल्या वर्गातल्या लॉगॅरिदमच्या कोष्टकाशी जवळचे नाते सांगते.

छायाचित्राच्या काचेपासून चित्रनलिकेपर्यंत

गॅमा हे नाव छायाचित्रणातून आले. इंग्लंडमधील विडनेस या गावी रासायनिक कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हिरो ड्रिफील्ड हे दोघे मित्र हौशी छायाचित्रकार होते. काचेवर किती प्रकाश पाडला म्हणजे ती किती काळी होते, हे त्यांनी चिकाटीने मोजले आणि १८९० साली प्रसिद्ध केले. आलेख काढताना आडव्या अक्षावर त्यांनी पडलेल्या प्रकाशाचा लॉगॅरिदम घेतला आणि उभ्या अक्षावर काचेची घनता घेतली. घनता हाही एक लॉगॅरिदमच असतो. आलेखाच्या मधल्या भागात सरळ रेषा मिळाली. या रेषेचा चढ म्हणजे गॅमा.

शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतल्यावर सरळ रेषा आली, तर मूळ राशींमध्ये घाताचा संबंध असतो आणि रेषेचा चढ हाच घातांक असतो. अकरावीच्या प्रयोगवहीत आपण हीच युक्ती वापरतो.

पुढे दूरचित्रवाणी आली. चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आदळून प्रकाश निर्माण होतो आणि झोताची तीव्रता विद्युतदाबाने कमीजास्त करतात. दाब निम्मा केला तर प्रकाशही निम्मा व्हावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सहाव्या हिश्श्याहून थोडासाच अधिक उरतो. कारण प्रकाश हा दाबाच्या सुमारे अडीचाव्या घाताच्या प्रमाणात असतो. हा दोष पडद्यावरच्या लेपाचा नव्हे, तर झोत सोडणाऱ्या इलेक्ट्रॉन बंदुकीच्या स्वभावाचा आहे.

दोष दुरुस्त कोठे करायचा? प्रत्येक घरातल्या संचात जादा मंडल बसवायचे म्हटले, तर संचाची किंमत वाढणार. त्यापेक्षा प्रक्षेपण केंद्रातच कॅमेऱ्याच्या संकेताला उलटा घात लावून ठेवला, तर एका जागच्या दुरुस्तीने लाखो संचांचे काम भागते. अभियंत्यांनी हाच मार्ग धरला. १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या मानकात संचाचा घातांक २.२ गृहीत धरला गेला.

या व्यवहारी निर्णयातून एक अनपेक्षित लाभ झाला. दहा पणत्या लावलेल्या खोलीत अकरावी लावली तर फरक लगेच जाणवतो. शंभर पणत्यांत आणखी एक लावली तर जेमतेम जाणवतो. डोळा वाढ पाहतो ती शेकडेवारीने. आता उजेडाचे ० ते २५५ असे सारख्या अंतराचे २५६ टप्पे पाडले, तर २०० वरून २०१ वर जाताना वाढ अर्धा टक्का होते आणि १० वरून ११ वर जाताना दहा टक्के होते. उजळ भागात टप्पे वाया जातात आणि अंधाऱ्या भागात पायऱ्या उघड दिसतात. उलटा घात लावून आकडे साठवले की अंधाऱ्या भागाला जास्त टप्पे मिळतात आणि तेवढ्याच २५६ आकड्यांत चित्र नितळ दिसते. नलिकेचा दोष आणि डोळ्याचा स्वभाव एकमेकांना असे पूरक निघाले, हा निव्वळ योगायोग!

हिशेब किती वेळाचा?

संगणक चित्रे दाखवू लागल्यावर हाच प्रश्न आकड्यांच्या रूपात उभा राहिला. संगणकाने गणिताने तयार केलेल्या चित्रात आकडे थेट प्रकाशाच्या प्रमाणात असतात. पडद्याकडे पाठवण्यापूर्वी प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्याचा उलटा घात काढावा लागतो. हे काम पडद्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीकडे, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरकडे येते.

काम किती आहे ते पाहू. ६४० × ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर ३,०७,२०० ठिपके असतात. प्रत्येकी तीन रंग धरले तर ९,२१,६०० घातक्रिया होतात. अपूर्णांकी घात काढण्याची संगणकाची रीत आपल्यासारखीच आहे. संख्येचा लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला घातांकाने गुणायचे आणि आलेल्या उत्तराचा प्रतिलॉगॅरिदम काढायचा. १९९० च्या सुमाराच्या प्रक्रियकांना, गणिताचा खास सहायक जोडीला असूनही, यासाठी काही शेकडो ठोके लागत. ५०० ठोके धरले तर एका पडद्याला ४६ कोटी ठोके होतात. सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके देणारा प्रक्रियक एका चित्रासाठी सुमारे १४ सेकंद घेईल. हलते चित्र तर सोडाच, स्थिर चित्रासाठीही पाहणारा ताटकळत बसेल.

येथे आपल्या जुन्या शाळांची आठवण होते. पूर्वीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केली होती. दुकानात बसलेला माणूस अडीच गुणिले सतरा हा गुणाकार करीत नसे. साडेबेचाळीस हे उत्तर त्याच्याजवळ तयार असे. एकदा कष्ट करून ठेवायचे आणि पुढे फक्त आठवायचे. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम प्रसिद्ध केले. हेन्री ब्रिग्जने १६२४ मध्ये चौदा दशांश स्थळांपर्यंतची कोष्टके छापली आणि त्याने अर्धवट ठेवलेला मधला भाग आड्रियान व्लाकने १६२८ मध्ये दहा स्थळांपर्यंत पुरा केला. यामागचा हिशेबही हाच होता. एकाने वर्षानुवर्षे आकडेमोड करायची आणि पुढच्या हजारोंनी पान उघडून पाहायचे.

नऊ लाख घातक्रियांच्या प्रश्नातही हीच वाट आहे. आकडे नऊ लाख असले तरी त्यांत वेगवेगळे किती? फक्त २५६! ० ते २५५ याबाहेरचा आकडा येऊच शकत नाही. मग २५६ उत्तरे आधीच काढून एका कोष्टकात मांडून ठेवावी. त्याला लागतात १ लाख २८ हजार ठोके, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. त्यानंतर प्रत्येक आकड्यासाठी कोष्टकातले घर पाहायचे. एका वेळेला पाच ठोके धरले तरी सगळे काम सेकंदाच्या सातव्या भागात आटोपते. चौदा सेकंदांचे काम शंभरपट वेगाने झाले, आणि त्यासाठी प्रक्रियक बदलावा लागला नाही.

पुढची पायरी यंत्रातच होती. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' ही यंत्रणा उभारली आणि १९७३ मध्ये तिच्यावर पहिले चित्र उमटले. चित्राची स्मृती आणि पडदा यांच्या मध्ये तिच्यात रंगांचे एक कोष्टकच बसवलेले होते. एडविन कॅटमल यांनी १९७९ मध्ये अशा दुरुस्ती-कोष्टकांवर एक शिकवणीवजा लेख लिहिला. १९८७ मध्ये आयबीएमचा व्हीजीए पडदा आला तेव्हा हे कोष्टक एका लहानशा चकतीत मावले. त्यात २५६ घरे होती आणि प्रत्येक घरात तीन रंगांचे आकडे. आकडा स्मृतीतून निघून पडद्याकडे जाताना वाटेतच बदलला जाई आणि प्रक्रियकाला एकही ठोका खर्चावा लागत नसे. खेळांमध्ये सारा पडदा हळूहळू काळोखात जातो, ती गंमतही अशीच साधत. ३२० × २०० पडद्याच्या ६४,००० ठिपक्यांना हात न लावता कोष्टकातले ७६८ आकडे तेवढे बदलले की झाले!

रंगांच्या रूपांतरातही हीच युक्ती चालली. जेपीईजी पद्धतीने साठवलेल्या चित्रात उजेड आणि दोन रंगभेद अशा तीन राशी असतात. त्यांतून लाल रंग मिळवण्यासाठी एका रंगभेदाला १.४०२ ने गुणून उजेडात मिळवायचे असते. १९९१ पासून प्रसारित झालेल्या एका मोफत आज्ञावलीत या गुणाकारांची २५६ घरांची कोष्टके आरंभीच तयार करून ठेवतात. त्यातही दशांश चिन्ह टाळले आहे. १.४०२ ऐवजी ९१,८८१ या पूर्णांकाने गुणतात आणि शेवटी ६५,५३६ ने भागतात. ६५,५३६ हा दोनचा सोळावा घात असल्यामुळे हा भागाकार म्हणजे द्विमान पद्धतीतले शेवटचे सोळा अंक सोडून देणे. आपण पैशांत हिशेब करून शेवटी रुपये सांगतो, तसेच हे.

कोष्टकाची किंमत

फुकट मात्र काहीच मिळत नाही. ० ते २५५ या प्रकाशाच्या आकड्यांचे उलट्या घाताचे कोष्टक (घातांक १ भागिले २.२) विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. ० ला ० येते, पण १ ला एकदम २१ येते, २ ला २८ आणि ३ ला ३४. म्हणजे १ पासून २० पर्यंतचे आकडे कधी वापरलेच जाणार नाहीत. दुसऱ्या टोकाला २५४ आणि २५५ या दोघांनाही २५५ हेच उत्तर मिळते. साधारण ६० पर्यंतच्या प्रत्येक आकड्याला स्वतंत्र उत्तर आहे, पण त्यांच्या मध्ये मोठी अंतरे आहेत. त्यापुढे दोन-दोन आकडे एकाच घरात कोंबले जातात. २५६ वेगवेगळे आकडे आत गेले आणि सुमारे १८४ च बाहेर आले. उरलेले ७२ टप्पे पूर्णांक करताना हरवले. परत उलटे कोष्टक लावले तरी ते मिळत नाहीत. संध्याकाळच्या आकाशाच्या चित्रात जे पट्टे दिसतात, त्यांचे एक कारण हे आहे.

यावर इलाज दोन. कोष्टकातली उत्तरे आठऐवजी दहा द्विमान अंकांची ठेवायची, किंवा चित्र साठवतानाच घात लावून ठेवायचा आणि वाटेत फेरफार टाळायचे. दुसरा मार्ग सर्वांनी धरायचा तर घात कोणता हे आधी ठरायला हवे. मॅकिंटॉश संगणक १.८ धरून चाले आणि इतर २.२ च्या जवळपास. एकाचे चित्र दुसऱ्याकडे काळपट किंवा फिके दिसे. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट येथील तज्ज्ञांनी 'एसआरजीबी' ही समान पद्धत सुचवली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. अगदी अंधाऱ्या भागात सरळ रेषा आणि पुढे २.४ घाताचा, थोडा सरकवलेला वक्र अशी तिची घडण आहे. एकंदर परिणाम २.२ च्या जवळ जातो. मॅकिंटॉशनेही २००९ मध्ये १.८ सोडून २.२ स्वीकारले.

आता चित्रनलिका घराघरांतून गेल्या. द्रवस्फटिकाच्या सपाट पडद्याचा स्वभाव घाताचा नाही, त्याचा वक्र इंग्रजी 'एस' अक्षरासारखा असतो. पण जगातली सारी चित्रे जुन्या नलिकेसाठी लिहिलेली! म्हणून सपाट पडद्याच्या आत एक कोष्टक ठेवतात आणि ते पडद्याला चित्रनलिकेचे सोंग घ्यायला लावते. दोष असलेले यंत्र गेले, दोषाची दुरुस्ती मात्र कायमची झाली.

कोष्टकांचे दिवसही पालटले आहेत. तिन्ही रंगांचे एकत्रित कोष्टक करायचे, तर २५६ चा घन म्हणजे १,६७,७७,२१६ घरे लागतील. आजचा प्रक्रियक झपाट्याने गुणाकार करतो, पण मुख्य स्मृतीतून आकडा आणायला त्याला शंभराहून अधिक ठोके थांबावे लागते. एवढ्या वेळात गणित पुन्हा करून होते. म्हणून लहान कोष्टके टिकली. मोठ्यांच्या जागी ३३ × ३३ × ३३ म्हणजे ३५,९३७ घरांचे विरळ कोष्टक ठेवतात आणि मधली उत्तरे शेजारच्या घरांवरून अंदाजतात. लॉग टेबलाच्या उजव्या कडेला मध्यफरकाचे स्तंभ असतात, त्यांचेच हे काम. घर सापडले की थोडा फरक मिळवायचा.

पुन्हा त्या दोन मुली

आता प्रदर्शनातले आकडे घ्या. १०६ भागिले २०० म्हणजे ०.५३. कॅमेऱ्याने लावलेला घात उतरवायचा तर याचा २.२ वा घात काढायचा. लॉग टेबल काढा. ०.५३ चा लॉगॅरिदम उणे ०.२७५७, त्याला २.२ ने गुणून उणे ०.६०६६, आणि प्रतिलॉगॅरिदम ०.२४७. म्हणजे चौथाईच! ५७ भागिले २०० याचे असेच केले की ०.०६३ येते, म्हणजे सोळावा हिस्सा. त्या मुलींनी व्यस्त वर्गाचा नियम चोख सिद्ध केला होता आणि आम्ही तो चुकीचा ठरवायला निघालो होतो. तेथेच फळ्यावर हा हिशेब मांडला तेव्हा त्या दोघींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. (सर्वच कॅमेरे इतके सरळ वागत नाहीत. काही आपल्या मर्जीने चित्र अधिक खुलवतात. अशा कॅमेऱ्याची आधी तपासणी करावी.)

हीच चूक जाणती माणसेही करीत आली आहेत. चित्र लहान करताना शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेतात. काळा ० आणि पांढरा २५५, म्हणून सरासरी १२८ धरतात. पण १२८ हा आकडा पडद्यावर पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश देत नाही. तो जेमतेम २२ टक्के देतो. निम्म्या प्रकाशासाठी १८६ हा आकडा हवा. हे वर्गात दाखवणे सोपे आहे. संगणकावर एका चौकोनात एक ओळ काळी, एक पांढरी अशा बारीक ओळी काढाव्या. त्याच्या एका बाजूला १२८ चा करडा चौकोन आणि दुसऱ्या बाजूला १८६ चा ठेवावा. चित्र मूळ मापातच दाखवावे, लहानमोठे करू नये. मग चार-पाच मीटर मागे जाऊन डोळे बारीक करून पाहावे. ओळींचा चौकोन कोणत्या करड्याशी मिळतो, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.

अडीचकी पाठ असलेल्या माणसाला ती कशाची आहे हे ठाऊक असे. पैसे मोजतो आहोत की शेर, याचा घोळ तो करीत नसे. पडद्यामागचे कोष्टक सेकंदाला कोट्यवधी उत्तरे देते, पण आकडा प्रकाशाचा आहे की त्याच्या घाताचा, हे ते सांगत नाही. ते विचारणे आपल्याकडेच राहते. यापुढे एखाद्या विद्यार्थ्याचा प्रयोग दर वेळी 'चुकून' तेच उत्तर देत असेल, तर तो खोडून टाकण्याआधी त्याच्या आकड्यांचा लॉगॅरिदम जरूर काढून पाहावा.